गणित करणारा घोडा

घोड्याला गणित येते का? बर्लिनमधल्या हान्स नावाच्या घोड्याला ते येते, असे १९०४ साली पुष्कळ लोक मानू लागले होते. त्याचे मालक फोन ऑस्टेन हे निवृत्त गणितशिक्षक. ‘दोन अधिक तीन किती?’ असे विचारले, की हान्स पाच वेळा खूर आपटून थांबे!

यात काही लबाडी तर नसेल? बर्लिन विद्यापीठातले प्राध्यापक कार्ल श्टुम्फ यांच्या समितीने तपासणी केली. लबाडी सापडली नाही. मग त्यांचे सहकारी ऑस्कर फुंग्स्ट यांनी एक साधी युक्ती योजली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, अशी व्यवस्था केली. झाले! हान्सची उत्तरे चुकू लागली. झापडे लावून विचारणारा दिसेनासा केला, तेव्हाही तेच.

गुपित असे होते. ठोके बरोबर उत्तरापाशी आले, की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित वर होई. ती हालचाल टिपून हान्स थांबे. त्याला गणित येत नव्हते. पण माणसाची बारीकशी हालचालही त्याच्या नजरेतून सुटत नव्हती! आपण खूण करतो, हे मालकालाही ठाऊक नव्हते.

हे संशोधन १९०७ साली प्रसिद्ध झाले. प्राण्यांच्या बुद्धीची परीक्षा घेताना अशी नकळत खूण जाऊ नये, याची काळजी संशोधक आजही घेतात. औषधांच्या चाचणीतसुद्धा खरे औषध कोणाला मिळाले, हे पुष्कळदा डॉक्टरांपासूनही लपवून ठेवतात.

तुमच्या कुत्र्याला ‘बस’ हा शब्द कळतो, की तुमच्या हाताची खूण? पाठ फिरवून सांगून पाहा बरे!