साठ ग्राहक, साठ शीट्स: रेडिमेड मॅक्रो वापरा, पण आधी वाचा!



डब्याचा व्यवसाय असो, दुधाचा रतीब असो की किराण्याची उधारी, प्रत्येक ग्राहकाचं वेगळं खातं लागतंच. एक्सेलमध्ये आपण काय करतो? प्लसचं चिन्ह दाबून नवं शीट घ्यायचं, नाव टाकायचं, रकाने आखायचे. पाच ग्राहकांना ठीक आहे. साठ झाले की अख्खी संध्याकाळ जाते. मॅक्रो हेच काम काही सेकंदांत करतो.

पण आधी माझी चूक ऐका. सुरुवातीला नेटवर मिळालेला एक कोड मी न वाचताच चालवला. नवी शीट्स बनवण्याआधी तो जुनी उडवत होता, तेही न विचारता! मॅक्रोने केलेलं काम 'अनडू'ने परत येत नाही. फाईल सेव्ह न करता बंद केली असती तर वाचलो असतो, पण मी घाईत सेव्ह केली. दोन महिन्यांची उधारी गेली. "तुमची बाकी किती?" हे ग्राहकांनाच विचारत फिरलो.

म्हणून कोड पेस्ट करण्याआधी त्यात 'डिलीट' शब्द शोधा. 'डिस्प्लेअलर्ट्स'पुढे 'फॉल्स' दिसलं, तर तो कोड एक्सेलची सूचना बंद करतोय, हे ओळखा.

आता कृती:

१. फाईलची कॉपी करा. काम कॉपीवरच.
२. एका शीटवर ग्राहकांची यादी, दुसऱ्यावर खात्याचा कोरा नमुना.
३. ऑल्ट आणि एफ११ दाबा. इन्सर्टमधून मॉड्यूल घ्या, कोड पेस्ट करा, एफ५ दाबा.
४. फाईल 'मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक' म्हणून सेव्ह करा. साध्या प्रकारात कोड राहत नाही.

चांगला कोड यादीतलं एकेक नाव घेतो, त्या नावाचं शीट आधीच आहे का बघतो, नसेल तरच नमुन्याची कॉपी करून नाव देतो. त्यामुळे पुढच्या महिन्यात चार नवे ग्राहक जोडून पुन्हा चालवला, तरी जुन्या खात्यांना धक्का नाही.

अडतं कुठे? शीटचं नाव ३१ कॅरेक्टरपेक्षा मोठं चालत नाही, काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. नावात तिरकी रेघ किंवा प्रश्नचिन्ह नको. दोन संजय पाटील असतील तर पुढे गावाचं नाव जोडा. यादीतली नावं मराठीत चालतात, पण कोडमध्ये मराठी टाईप केलं तर प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून यादी आणि नमुना या दोन शीट्सची नावं इंग्रजीत ठेवा. आणि हो, मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाही, कॉम्प्युटरच लागेल.

आज फक्त पाच नावांवर करून बघा. पाचही खाती बरोबर आली, की मगच साठ. वेळ वाचवायचाय, पण हिशोब गमवून नाही!