गाळपाच्या दिवसांतली वैरण



मोळी गव्हाणीत पडली की आपल्याकडे वाढ्याला तोटा नसतो. स्वतःच्या फडातले येते, नाहीतर तोडणीवाल्यांकडून पेंढ्या मिळतात. मग गाळप संपेपर्यंत दावणीला दुसरे काही पडतच नाही. जनावराचे पोट भरलेले दिसते, पण दूध तुटते, गाय वारंवार उलटते, आणि आपण दोष देतो थंडीला.

खरे कारण निराळे आहे. वाढ्यात ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते. ते चाऱ्यातला कॅल्शियम बांधून टाकते, अंगी लागू देत नाही. दुभत्या गाईच्या दुधातून तर कॅल्शियम रोज जातोच. तो मग तिच्या हाडांतून निघतो. म्हणून नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नये. वाढे कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून द्यावे, रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे आणि जोडीला द्विदल चारा हवाच.

कोणी म्हणेल, बांधाला हत्तीघास आहे की! आहे, पण तो उष्ण हवेचा गडी. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्याची वाढ थबकते. तेव्हा युरिया ओतून तो जागा होत नाही, पैसा मात्र जातो. कापणीची घाई करू नये, खताचा हप्ता फेब्रुवारीत ऊन तापू लागल्यावर द्यावा.

थंडीत जोमाने वाढतो तो लसूणघास. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरावा. राहुरीचा आर.एल. 88 हा वाण बहुवर्षायू आहे. गुंठ्याला पाव किलो बी, जिवाणू खत चोळून, 30 सेंटिमीटरवर ओळीत. पहिली कापणी 50 ते 60 दिवसांनी, पुढच्या 25 ते 30 दिवसांनी.

हे अंतर पाळण्यातच सगळी मेख आहे. कापल्यावर घास फुटतो तो मुळात साठवलेल्या अन्नावर. पाने वाढली की तो साठा पुन्हा भरतो. पंधरा दिवसांत विळा लावला की साठा भरत नाही, खोड मरते, वाफ्यात टक्कल पडते आणि तिथे तण बसते. गुरे सोडली तर ती फुटवेच ओरबाडतात, तेव्हा सोडूच नयेत.

आम्ही सुचवतो तो हिशेब असा. दहा गुंठ्यांचे तीस सारखे वाफे पाडा आणि रोज एकच कापा. तिसाव्या दिवशी पहिला वाफा पुन्हा तयार! चांगल्या जमिनीत गुंठ्याला एका कापणीत सुमारे 100 किलो घास मिळतो, म्हणजे रोजचा तीसएक किलो. दोन-तीन गाईंच्या वैरणीला एवढी जोड पुरते. दहा गुंठे ऊस कमी होईल, हे खरे. पण पेंडीचे बिल एकदा काढून बघाच.

दवाने भिजलेला कोवळा घास उपाशीपोटी दिला तर जनावर फुगते, जिवावर बेतते. आधी कडबा, मग सुकवलेला घास.

आणि बी घेताना अमरवेल पाहा. पिवळे दोरे दिसले की ती जागा, बी धरण्याआधीच, मुळासकट खणून जाळावी. तो घास जनावरालाही टाकू नये. शेणातून बी पुन्हा रानात येते.