अश्मरी, सोनोग्राफी आणि कंप पावणारी चकती

मालवण, देवगड, कणकवली परिसरातील वैद्यांकडे येणारा मूत्राश्मरीचा रुग्ण हल्ली बहुधा सोनोग्राफीचा अहवाल घेऊनच येतो. दोन महिन्यांच्या औषधोपचारानंतर दुसरा अहवाल येतो. पहिल्यात खडा ६ मि.मी., तर दुसऱ्यात ५ मि.मी. असतो. ‘खडा विरघळू लागला’ असे रुग्ण आनंदाने सांगतो व आपणासही ते मान्य करावेसे वाटते. तथापि असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे माप देणाऱ्या उपकरणाचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये ट्रान्सड्यूसर असतो. क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिल्यास विद्युत्भार निर्माण होतो, हे झाक व पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखविले. याउलट विद्युत्दाब दिल्यास स्फटिक किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. आज स्फटिकाऐवजी प्रायः लेड झिर्कोनेट टायटॅनेट या सिरॅमिक पदार्थाच्या चकतीचे सूक्ष्म भाग वापरतात. चकतीची जाडी जितकी कमी, तितकी तिची स्वाभाविक कंपने अधिक. उदराच्या तपासणीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या ३.५ मेगाहर्ट्झसाठी ही जाडी सुमारे अर्धा मि.मी. असते.

एकच चकती मुखही असते आणि कर्णही. दोन-तीन कंपनांचा आघात करून ती थांबते व प्रतिध्वनी ऐकते. घंटेप्रमाणे ती निनादत राहिली, तर जवळचे प्रतिध्वनी त्या नादात बुडून जातील. म्हणून तिच्या पाठीमागे कंपने शोषणारा थर बसविलेला असतो. मृदू ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असल्याने १० सें.मी. खोलीवरून प्रतिध्वनी परतण्यास सुमारे १३० मायक्रोसेकंद लागतात. या कालावरून यंत्र अंतर ठरविते.

आपल्या किनाऱ्यावरील मासेमारी नौकांवर हेच तत्त्व वापरात आहे. नौकेच्या तळाशी बसविलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात ध्वनी सोडतो आणि समुद्रतळ व माशांचे थवे तांडेलाला पडद्यावर दिसतात. मात्र ट्रान्सड्यूसरखाली हवेचे बुडबुडे आले, की चित्र विस्कटते. कारण हवेच्या सीमेवर जवळजवळ सर्व ध्वनी परावर्तित होतो. प्रोब व त्वचा यांमध्ये जेल लावतात ते याच कारणास्तव.

यावरून अश्मरीच्या अहवालासंबंधी तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली : आंत्रातील वायू ध्वनीचा मार्ग अडवितो. त्यामुळे मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातील खडा निसटू शकतो. ‘खडा दिसत नाही’ याचा अर्थ ‘खडा नाही’ असा नव्हे. तीव्र शूल असून शंका राहिल्यास सी. टी. स्कॅन अधिक खात्रीचे असते.

दुसरी : ध्वनिशलाकेला स्वतःची रुंदी असते व त्या दिशेने माप पसरट येते. म्हणूनच लहान खड्यांचे माप प्रत्यक्षाहून मोठे दिसण्याकडे कल असतो. प्रोबचा कोन वा तपासनीस बदलला, तरी एक-दोन मि.मी.चा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकावरून औषधाचे यश अथवा अपयश ठरवू नये.

तिसरी : ५ मि.मी.हून लहान खडे बहुतांशी आपोआप बाहेर पडतात. अशा खड्याच्या निर्गमनाचे सर्व श्रेय वरुणादि क्वाथास देणे शास्त्रीय ठरणार नाही.

म्हणून दोन्ही तपासण्या शक्यतो एकाच केंद्रात, एकाच यंत्रावर कराव्यात. मापाबरोबरच वृक्काची सूज, शूल व मूत्रप्रवृत्ती यांची नोंद ठेवावी. खड्यासह ज्वर, मूत्ररोध वा वाढती वृक्कसूज आढळल्यास दुसऱ्या अहवालाची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात अश्मरीस स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्या परंपरेचे पाईक म्हणून आपल्या औषधांचा गुण सिद्ध करावयाचा, तर तो एका मि.मी.च्या आधारावर नव्हे, काटेकोर नोंदींच्या आधारावर करावा, ही सर्व वैद्यबंधुभगिनींना विनंती.