हजारे की मंकड? आपल्या दोन ऑल-राउंडर कप्तानांची गोष्ट

कपिल की इम्रान, स्टोक्स की हार्दिक हे वाद आपण खूप ऐकले. आज थोडं मागे जाऊ. विजय हजारे ट्रॉफीचे स्कोअर आपण मोबाईलवर बघतो, विनू मंकड ट्रॉफीतून अंडर-१९ ची पोरं वर येतात. पण ही दोन माणसं एकाच टीममधून खेळली, एकाच दशकात दोघांनीही भारताची कप्तानी केली, आणि दोघांची कप्तानी एकमेकांच्या अगदी उलट वाटेनं गेली, हे फारसं कुणी सांगत नाही.

आधी हजारे. जन्म १९१५, सांगलीचा, मराठी ख्रिस्ती घर. ३० कसोटींत २,१९२ धावा, सरासरी ४७.६५. बॉलिंग बघाल तर म्हणाल, हा कसला ऑल-राउंडर? कसोटीत फक्त २० बळी. पण प्रथम श्रेणीत त्यांच्या नावावर ५९५ बळी आहेत! आणि त्या २० मध्ये ब्रॅडमन दोनदा आहे, तोही दोन्ही वेळा क्लीन बोल्ड. १९४८ च्या ॲडलेड कसोटीत तर आधी २०१ वर ब्रॅडमनचा त्रिफळा, मग स्वतः दोन्ही डावांत शतक, ११६ आणि १४५.

मंकड जामनगरचे. पुढे मुंबईकरच झाले. ४४ कसोटी, २,१०९ धावा, १६२ बळी. हजार धावा आणि शंभर बळी हा टप्पा त्यांनी २३ व्या कसोटीत गाठला. तो विक्रम बॉथमनं मोडेपर्यंत टिकला. म्हणजे बॅट आणि बॉल दोन्हींचं वजन करायचं तर मंकड पुढे, नुसती बॅटिंग बघायची तर हजारे. इथपर्यंत सोपं आहे.

कप्तानीचा आकडा मात्र फसवतो. हजारे १४ कसोटींत कप्तान होते: १ विजय, ५ पराभव, ८ अनिर्णित. मंकड ६ कसोटींत: विजय एकही नाही, १ पराभव, ५ अनिर्णित. झालं, हजारे जिंकले? थांबा जरा.

तो एक विजय कुठला, तर फेब्रुवारी १९५२, मद्रास. कसोटी क्रिकेटमधला भारताचा पहिलावहिला विजय, पहिल्या कसोटीनंतर २० वर्षांनी. इंग्लंडविरुद्ध एक डाव आणि ८ धावांनी. कप्तान हजारे, पण मॅच काढली मंकडनी. पहिल्या डावात ५५ धावांत ८ बळी, दुसऱ्यात ५३ धावांत ४. पहिल्या डावात त्यांच्या बॉलिंगवर प्रोबीर सेननी चौघांना यष्टिचीत केलं. हटन, कॉम्प्टन, बेडसर त्या दौऱ्यावर आले नव्हते हे खरं, पण म्हणून विजय हलका होत नाही. आपली टीम तेव्हा कुणालाच हरवत नव्हती.

आता खरी गंमत. त्यानंतर चारच महिन्यांनी भारत इंग्लंडला गेला, आणि पहिल्या कसोटीत मंकड टीममध्येच नाहीत. ते लँकेशायर लीगमध्ये हॅस्लिंग्डेन क्लबकडून व्यावसायिक म्हणून खेळत होते. करार सोडून यायचं तर टीममधल्या जागेची खात्री हवी होती. ती मिळाली नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर फ्रँचायझी आणि देश यांतला वाद, फक्त ७० वर्षं आधीचा. पोट भरायचं साधन सोडून या, पण टीममध्ये घेऊच असं सांगता येत नाही, असं कुणी तुम्हाला म्हटलं तर तुम्ही जाल का? माझ्या मते यात मंकडना दोष देता येत नाही.

हेडिंग्लेला दुसऱ्या डावात भारताची अवस्था होती शून्यावर ४ बाद. नवखा ट्रूमन तोफ डागत होता. कप्तान हजारे आले, ५६ केल्या, कोल्हापूरच्या दत्तू फडकरांबरोबर शतकी भागीदारी केली. पहिल्या डावातही त्यांच्या ८९ होत्या. मग लॉर्ड्ससाठी मंकडना बोलावलं. त्यांनी ७२ केल्या, ७३ ओव्हर टाकून ५ बळी घेतले आणि परत येऊन १८४ मारल्या. तरी भारत ८ विकेटनी हरला.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. सगळा लोड एकाच सर्व्हरवर. हजारे कप्तान, मुख्य बॅट्समन आणि डाव सावरणारेही. मंकड ओपनर आणि मुख्य बॉलरही. लेण्याद्रीच्या पायथ्याशी टेनिस बॉलची मॅच बघा, हेच दिसेल. जो बरा खेळतो तोच कप्तान, तोच ओपनर, शेवटची ओव्हरही त्याचीच.

मंकडना कप्तानी मिळाली ती १९५४-५५ च्या पाकिस्तान दौऱ्यावर. पाच कसोटी, पाचही अनिर्णित. असं आधी कधीच घडलं नव्हतं. समोरचे कप्तान होते अब्दुल हफीझ कारदार, जे १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर याच दोघांबरोबर भारतीय टीममध्ये होते! दोन्ही बाजूंना जिंकण्यापेक्षा न हरणं महत्त्वाचं होतं, आणि क्रिकेट तसंच रटाळ झालं. त्यासाठी एकट्या मंकडना जबाबदार धरणं मला पटत नाही.

सहावी कसोटी तर त्यांच्या गळ्यातच पडली. १९५८-५९, वेस्ट इंडीजविरुद्ध मद्रास. निवडीच्या वादावरून उमरीगरांनी ऐनवेळी कप्तानी सोडली आणि ४१ वर्षांच्या मंकडना पुढे केलं. भारत २९५ धावांनी हरला. त्या पाच कसोटींच्या मालिकेत आपण चार कप्तान वापरले. पुढच्या दिल्ली कसोटीत कप्तानी गेली पुण्यात जन्मलेल्या हेमू अधिकारींकडे.

म्हणून माझं मत असं: कप्तान म्हणून हजारे थोडे वर, कारण स्वतःची बॅट घेऊन ते संकटात उभे राहिले. खेळाडू म्हणून मंकड स्पष्ट वर. मात्र जगानं त्यांचं नाव अडकवलं ते नॉन-स्ट्रायकरला रनआउट करण्याला. १९४७ मध्ये सिडनीला त्यांनी बिल ब्राउनला बाद केलं, तेव्हा ब्रॅडमननीही त्यांची बाजू घेतली होती. २०२२ मध्ये एमसीसीनं हा प्रकार अनुचित खेळाच्या कलमातून काढून सरळ रनआउटच्या कलमात टाकला. कॉमेंट्रीत मात्र ‘मंकडिंग’ अजून ऐकू येतं, आणि मद्रासचे ते १२ बळी क्वचितच.