कुंडीतलं रान – लेखांक ७ : आवण आधी पिवळं पडतं

गेल्या आठवड्यात आपण घरातल्या उजेडाप्रमाणे झाड कसं निवडायचं ते पाहिलं. आता ते झाड खोक्यात बसून दारात आलं आहे. आजचा लेख त्याच्या पहिल्या पंधरा दिवसांविषयी आहे. माझ्या पाहण्यात जी झाडं दगावली, त्यांतली बरीचशी याच पंधरवड्यातल्या आपल्या घाईमुळे गेली.

पेण-रोह्याच्या वाचकांनी आधी शेत आठवावं. जुलैत राबातलं आवण खणतात, मुठी बांधतात आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावतात. दोन-चार दिवसांत तेच आवण मलूल होतं, पिवळं पडतं. बांधावरून जाणारा कोणीही त्याला मेलं म्हणत नाही. मुळं तुटली आहेत, नवी फुटेपर्यंत पानांना पुरेसं पाणी पोचणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आठ-दहा दिवसांत रोप मूळ धरतं आणि खाचर हिरवं होतं. शेतात आपल्याकडे असलेला हा धीर घरातल्या कुंडीपुढे मात्र सुटतो.

नर्सरीत ही झाडं शेडनेटखाली, गाळीव उजेडात आणि दमट हवेत वाढलेली असतात. तिथून ती थेट बंद खोक्यात जातात. अंधारात पानांना अन्न तयार करता येत नाही, म्हणून झाड साठ्यावर जगतं आणि जुनी पानं सोडून देतं. लांबच्या प्रवासातली ही अडचण फार जुनी आहे. लंडनचे डॉक्टर नॅथानिएल वॉर्ड यांनी बंद काचपेटीत झाड टिकतं हे ताडलं आणि १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडं जहाजानं सिडनीला पाठवली. ती जगली, कारण काचेमुळे उजेड आत येत होता आणि ओलावा आतच राहत होता. आपल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उजेड शिरत नाही. म्हणून खोकं आलं त्याच दिवशी उघडावं, संध्याकाळवर ढकलू नये.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या रोह्याच्या घरी पीस लिली आली, तीही चार दिवस उशिरा. पानं कुंडीच्या काठावर आडवी पडली होती. वरची माती कोरडी दिसत होती, म्हणून मी तांब्या भरून आणला. ओतण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घातलं, तर आत थंडगार ओल लागली. तांब्या तसाच परत नेला. झाड पडवीत, पूर्वेच्या ग्रिलपासून हातभर आत ठेवलं. तिसऱ्या दिवशी देठ उभे राहिले. खालची दोन पानं पिवळी होऊन गेली. तेविसाव्या दिवशी मधोमध सुतळीएवढी, घट्ट गुंडाळलेली नवी पालवी दिसली.

ही झाडं बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात लावलेली असतात. तो वरून सुकलेला दिसतो आणि आत ओला राहतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. त्या दिवसांत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तर कुंडी कशी वाळणार? मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. भुशातल्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात, कुजतात आणि पानं माना टाकतात. आपल्याला ती तहान वाटते व आपण आणखी पाणी घालतो. म्हणून पाणी वारानुसार घालू नका, बोटाला विचारून घाला. कुंडीखालची बशी लगेच रिकामी करा, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. पानांवर फवारे मारायचीही गरज नाही. आपल्या हवेत मुळातच भरपूर दमटपणा आहे.

खोकं उघडल्यावर पानांची मागची बाजू आणि देठांचे सांधे नीट पाहा. कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्यानं पुसून काढा. काही दिसलं नाही तरी नवं झाड पंधरा दिवस जुन्या झाडांपासून दूर ठेवा. उजेड भरपूर द्या, पण दुपारचं ऊन नको. सावलीत वाढलेली पानं ऑक्टोबरच्या उन्हात एका दिवसात करपतात. रोज जागा बदलू नका. कुंडी बदलणं आणि खत देणं, दोन्ही लांबणीवर टाका. थकलेली मुळं खत उचलू शकत नाहीत, उलट त्यातल्या क्षारांनी भाजतात. याला अपवाद एकच. मातीला कुजका वास येत असेल तर झाड लगेच काढा, सडलेली मुळं कापा आणि कोरड्या, भुसभुशीत मातीत लावा.

मनीप्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, डिफेनबॅकिया ही सगळी अळू-सुरणाच्या कुळातली. पावसाच्या तोंडावर बाजारात येणारी शेवळंही त्यांचीच भावंडं. अळूला ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळे खाज असते आणि ज्यासाठी आपण चिंच किंवा आमसूल घालतो, तेच स्फटिक या झाडांतही असतात. म्हणून रांगतं मूल आणि मांजर यांच्यापासून ती दूर ठेवा. अळू मोरीच्या पाण्यावर पोसतं, पण मनीप्लांट, मॉन्स्टेरा आणि फिलोडेंड्रॉन मूळची झाडांच्या खोडांवर चढणारी आहेत. त्यांची मुळं मोकळ्या हवेला सरावलेली असतात. नात्यावरून त्यांना अळूचं पाणी पाजू नका.

नवं पान पूर्ण उलगडलं की झाड रुळलं असं समजा. कुंडी बदलण्याची वेळ त्यानंतरची, आणि पुढचा लेख त्याविषयीच असेल. तोवर माझी एकच विनंती आहे. एखाद-दुसरं पान पिवळं पडलं तर खाचरातलं आवण आठवा आणि पंधरा दिवस हात आवरा.