ऑर्गनवादन, फ्रेंच व इंग्लिश

नळ्यांच्या ऑर्गनवरील एकलवादनात पुष्कळदा एकत्र ऐकावयास मिळणाऱ्या दोन यूरोपीय परंपरा. मराठी संगीत नाटकांत बालगंधर्वांच्या गायनाला साथ करणारा ‘ऑर्गन’ यांहून वेगळा : त्यात पायांनी भाता चालवून धातूच्या पत्त्या कंपित करीत. येथे हवा नळ्यांत सोडली जाते आणि वादकाचे पाय खर्जाच्या पट्ट्या वाजवितात. नळ्यांचे संच ‘स्टॉप’ ओढून निवडतात. ही निवड हेच निम्मे वादन होय.

फ्रान्समध्ये ही निवड रचनाकारच ठरवून देत. फ्रांस्वा कूप्रँ (१६६८–१७३३) याच्या १६९० मधील दोन मासमध्ये तुकड्यांची नावेच बहुधा स्टॉपांवरून आहेत. काव्हाये-कॉल या कारागिराने पॅरिसच्या सँ-स्यूल्पीस चर्चसाठी शंभर स्टॉपांचे वाद्य १८६२ मध्ये पूर्ण केले. वाद्यवृंदाची घनता एका वादकाच्या हाती आल्याने सेझार फ्रांक व व्हीदॉर यांची भव्य रचना शक्य झाली. व्हीदॉरच्या पाचव्या सिंफनीतील तोकाता सर्वाधिक परिचित आहे.

ऑलिव्हये मेस्याँ (१९०८–९२) हा भारतीय वाचकाला विशेष जवळचा. देवगिरीच्या यादव दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकर ग्रंथातील १२० देशी तालांची यादी त्याला एका फ्रेंच संगीतकोशात सापडली आणि त्यांतील लघुगुरूंचे विषम मेळ त्याने आपल्या लयबंधांत योजिले. आवर्तन आणि सम मात्र त्याच्या संगीतात शोधू नये. ताल त्याने केवळ कालमूल्यांची मालिका म्हणून घेतला.

इंग्लिश ऑर्गनला एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुधा पायपट्ट्या नव्हत्या. त्यामुळे अंध वादक जॉन स्टॅन्ली (१७१२–८६) याच्या ‘व्हॉलंटरी’ हलक्या, दोन हातांच्या आहेत. नळ्यांभोवतीच्या पेटीची झडप उघडून-मिटून नाद वाढविण्याची युक्ती मात्र लंडनमध्ये १७१२ साली प्रथम आली. पुढे नगरसभागृहांत मोठे ऑर्गन उभारले गेले. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये डब्ल्यू. टी. बेस्ट याने वाद्यवृंदाच्या कृती ऑर्गनवर वाजवून, एरव्ही त्या ऐकू न शकणाऱ्या श्रोत्यांपर्यंत पोहोचविल्या. एल्गारचा सोनाटा (१८९५) याच वातावरणातला. इंग्लिश वाद्यावर फ्रेंच कृती वाजविताना तिचे झगझगीत सुषिरनाद काहीसे मवाळ होतात. जाणता वादक तेथे मूळ सूचना अक्षरशः न पाळता कानाने स्टॉप निवडतो.