शेत कोणाचें, सावज कोणाचें?

लातूर जिल्ह्यांतील शिरूर अनंतपाळ हा एक लहानसा तालुका आहे. घरणीचें पाणी, मांजरेचें खोरें, काळी जमीन आणि तींत सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी हीं पिकें, असें त्याचें सर्वसाधारण रूप. वन म्हणून ज्याला म्हणावें असें येथें जवळजवळ कांहींच नाहीं. लातूर जिल्ह्याच्या एकंदर क्षेत्रफळांत वनाचा हिस्सा शेंकडा एकदेखील भरत नाहीं. तरीहि या भागांत रानडुकरें आहेत, हरणांचे कळप आहेत, मोर आहेत, ससे आहेत. वनच नाहीं, तर हीं जनावरें राहतात तरी कोठें? तीं राहतात शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनींत. ओढ्याकांठच्या झुडपांत, पडीक रानांत आणि उंसाच्या फडांत. या एका गोष्टीमुळें एक फार जुना प्रश्न येथें विशेष अवघड होऊन बसला आहे.

तो प्रश्न असा कीं, शेत एकाचें असलें, तरी त्यांतून जाणारें जनावर कोणाचें? समजा, रानडुकरांचा एक कळप मध्यरात्रीं एकाच्या तुरींत शिरला. त्यानें तेथें नासधूस केली, पहाटेपूर्वीं तीन बांध ओलांडले आणि चौथ्याच्या उंसांत जाऊन तो विसावला. पहिल्या शेतकऱ्यानें एखाद्या बंदूकवाल्याला बोलावलें, तर त्या बंदूकवाल्याला चौथ्याच्या उंसांत पाऊल टाकतां येईल काय? चौथा नको म्हणाला तर? दोन बंदुकवाले एकाच वेळीं आले, तर अग्रमान कोणाचा? आणि सावज पडलेंच, तर वाटे कसे व्हावयाचे? शिकारींतील निम्मी भांडणें जनावराशीं नसून माणसामाणसांतील असतात, तीं यामुळेंच.

या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वीं झालेला आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत, वेगळ्याच विषयाच्या ओघांत, एक दृष्टांत येतो. ज्यानें खुंट काढून जमीन लागवडीस आणली, शेत त्याचें. आणि ज्याचा बाण रुतला, हरिण त्याचें, असा त्याचा आशय आहे. रोमन लोकांचा विचार थोडा निराळा होता. सम्राट जस्टिनियन याच्या काळीं, इ. स. ५३३ मध्यें जी विधिसंहिता सिद्ध झाली, तींत रानटी जनावर कोणाच्याच मालकीचें नाहीं, जो त्याला धरील तो त्याचा धनी, असें सांगितलें आहे. नुसतें जखमी करणें पुरेसें नाहीं. सावज हातीं आलें पाहिजे. मात्र त्याच संहितेंत असेंहि म्हटलें आहे कीं, शिकारी आपल्या जमिनींत येत आहे असें दिसल्यास जमिनीच्या धन्याला त्याला मज्जाव करतां येतो. म्हणजे मनूनें बाणाला मान दिला आणि रोमनांनीं पकडणाऱ्या हाताला दिला, इतकाच दोघांत फरक. शेताची मालकी आणि सावजाची मालकी या दोन अलग गोष्टी आहेत, हें तत्त्व दोघांनाहि मान्य होतें.

सत्तेनें मात्र या दोन गोष्टींची पुष्कळदां गल्लत केली. शिरूर अनंतपाळचा प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे. त्या वेळचा निलंगा तालुका बीदर जिल्ह्यांत होता आणि १९५६ सालीं राज्यपुनर्रचनेंत तो उस्मानाबाद जिल्ह्यास जोडला गेला. पुढें १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा झाला. संस्थानी अमदानींत जहागिरीच्या गांवीं धन्याच्या शिकारीला आडकाठी करण्याची कुळाची प्राज्ञा नव्हती. हाका घालावयास माणसें लागत, तीं बेगारीनें येत; उभ्या पिकांतून घोडीं गेलीं, तरी तोंडांतून ब्र काढण्याची सोय नसे. शिकारीचा आनंद एकाचा आणि पिकाचें नुकसान दुसऱ्याचें, अशी ती वांटणी होती. १९४९ सालीं जहागिऱ्या खालसा झाल्या, तेव्हां ती संपली.

याच्या अगदीं उलट टोंकाला गरिबांची पारध होती. वाघूर आणि फांस घेऊन हिंडणारे फासेपारधी तित्तर, लावे, ससे आणि हरणें धरीत. त्यांच्या येण्याला शेतकऱ्याची बहुधा ना नसे, कारण पारध्याचें पोट भरे आणि शेतकऱ्याचें पीक राही. कायद्यानें मात्र १८७१ पासून कित्येक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. त्या शिक्क्याची छाया अद्यापि पुरती सरलेली नाहीं. गांवकऱ्यांची सामुदायिक शिकारहि होत असे. तींत मारणाऱ्याला एक वाटा अधिक, कुत्र्याच्या धन्याला एक आणि हाक्याला आलेल्या प्रत्येकाला एक, अशा तऱ्हेचे संकेत असत. हे संकेत कोठें लिहिलेले नव्हते. परंतु ज्याच्या रानांतून हाका जावयाचा त्याला आधीं विचारावयाचें आणि ज्यानें श्रम केले त्याला वगळावयाचें नाहीं, हे दोन नियम त्यांच्या मुळाशीं होते.

शिकारीची अशी वांटणी इतर देशांनीं कायद्यानें कशी लावून दिली, हें पाहण्यासारखें आहे. इंग्लंडांत जमीनदाराची जमीन कूळ कसत असे आणि त्या जमिनींतील ससे कुळाचें पीक खात. पण ससा मारण्याचा हक्क जमीनदारानें करारानें आपल्याकडे राखलेला असे. १८८० सालच्या कायद्यानें ससे मारण्याचा हक्क कुळालाहि मिळाला, आणि तो करारानेंदेखील काढून घेतां येणार नाहीं असें ठरलें. तथापि कुळानें गांवभरच्या मित्रांना बोलवावें असा मात्र त्याचा अर्थ नव्हता. बंदूक चालवावयाची ती कुळानें स्वतः आणि त्यानें लेखी अधिकार दिलेल्या आणखी एकाच इसमानें, अशी मर्यादा त्यांत घातलेली होती.

जर्मनींतील व्यवस्था त्याहून बोधप्रद आहे. तेथें १८४८ सालीं परक्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा सरदारांचा हक्क नष्ट झाला आणि शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकाकडे आला. पण ज्याच्याकडे दोनचार एकर आहेत, त्यानें तेवढ्यांत कसली शिकार करावयाची? म्हणून तेथील आजच्या कायद्याप्रमाणें ज्याची जमीन सलग ७५ हेक्टर, म्हणजे सुमारें १८५ एकर आहे, त्यालाच स्वतःचें शिकारक्षेत्र ठेवतां येतें. त्याहून लहान असलेल्या सर्वांच्या जमिनी मिळून एक सामाईक क्षेत्र होतें आणि त्या मालकांचा एक संघ बनतो. संघाचा ठराव व्हावयाचा तर हजर माणसांचें बहुमत लागतें आणि जमिनीच्या क्षेत्रफळाचेंहि बहुमत लागतें. म्हणजे एकट्या मोठ्या बागाइतदाराची मात्रा चालत नाहीं आणि नुसत्या डोक्यांच्या संख्येचीहि चालत नाहीं. हें क्षेत्र बहुधा शिकाऱ्यांना खंडानें देतात. खंडाचे पैसे मालकांत वांटले जातात आणि रानडुकरांनीं केलेल्या नुकसानीची भरपाई सामान्यतः खंडकऱ्याच्या माथीं येते. शिकारीची मौज ज्याला हवी, त्यानें नुकसानीचा भारहि उचलावा, असा हा रोकडा व्यवहार आहे.

या सामाईकपणाची दुसरी बाजू फ्रान्समध्यें दिसून आली. तेथें १९६४ च्या कायद्यानें अनेक भागांत लहान मालकांच्या जमिनी शिकारसंघाला सक्तीनें जोडल्या गेल्या. ज्यांना हत्याच नामंजूर होती, अशा कांहीं मालकांनीं दाद मागितली. आणि १९९९ सालीं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निर्णय दिला. ज्याचें मन नको म्हणतें, त्याच्या शेतांत बंदूक नेण्याची सक्ती करतां येत नाहीं, असा त्या निकालाचा मथितार्थ होय.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९७२ सालीं वन्य जीव संरक्षण अधिनियम झाला, तेव्हां आरंभीं शिकारीचे परवाने चालू होते आणि खाजगी जमिनींत शिकार करावयाची तर मालकाची अथवा कायदेशीर वहिवाटदाराची संमति लागे. १९९१ च्या दुरुस्तीनें हे परवानेच बंद झाले. तेव्हांपासून हौसेची शिकार हा विषय भारतांत संपला. शिकार या शब्दाची कायद्यांतील व्याख्याहि बरीच व्यापक आहे. मारणें, पकडणें, फांस लावणें, हाका घालून हुसकणें, आमिष ठेवणें, इतकेंच नव्हे तर यांपैकीं कशाचाहि प्रयत्न करणें, हें सर्व तींत येतें. म्हणून "माझ्या शेतांत या, माझी ना नाहीं," असें एखाद्या मालकानें शिकाऱ्यांना सांगितलें, तर त्या संमतीनें शिकार कायदेशीर होत नाहीं. उलट मालक स्वतः गुन्ह्याचा साहाय्यक ठरतो. साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीहि होऊं शकतात. काळवीट, मोर यांसारख्या पहिल्या अनुसूचींतील प्राण्यांच्या बाबतींत कैद तीन वर्षांहून कमी नसते आणि सात वर्षांपर्यंत जाऊं शकते.

मग पीक खाणाऱ्या डुकरापुढें शेतकऱ्यानें हात जोडून बसावें काय? तसें नाहीं. याच अधिनियमाच्या अकराव्या कलमांत वाट ठेवलेली आहे. दुसऱ्या अनुसूचींतील जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झालें आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो कारणें नमूद करून लेखी हुकमानें शिकारीस परवानगी देऊं शकतो. रानडुक्कर या अनुसूचींत आहे. महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं रानडुक्कर आणि रोही यांच्या बाबतींत ही परवानगी वनक्षेत्रपालाकडे मागण्याची पद्धत घालून दिली. काळविटाचें मात्र असें नाहीं. तें पहिल्या अनुसूचींत असल्यामुळें केवळ पीक खाल्लें म्हणून त्याला मारण्याची परवानगी मिळूं शकत नाहीं. तेथें राखण, कुंपण आणि नुकसानभरपाई हेच मार्ग उरतात.

आरंभींच्या प्रश्नांचीं उत्तरें आतां या कलमाच्या आधारें देतां येतात. हुकूम एका ठराविक व्यक्तीला आणि ठराविक क्षेत्रापुरता असतो. त्यामुळें ज्याचें नांव त्यांत नाहीं, त्यानें सोबत म्हणूनदेखील बंदूक उचलूं नये. आणि जें शेत त्यांत नाहीं, तेथें कळपाच्या मागोमाग बांध ओलांडूं नये. चार शेतकऱ्यांना उपद्रव असेल, तर चौघांनीं आपापल्या गट नंबरांसह अर्ज करावे आणि परवानगी मिळाल्यावर कोणत्या रात्रीं, कोणत्या बाजूनें, कोण जाणार, हें शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधीं कळवावें. अंधारांत राखणीला बसलेला सालगडी आणि उंसांत हालणारें डुक्कर यांतला फरक गोळीला कळत नाहीं. बंदुकीचा परवाना ही तर निराळीच बाब आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालीं तो अलग घ्यावा लागतो. राहिला वाट्यांचा प्रश्न. एकोणचाळिसाव्या कलमाप्रमाणें परवानगीनें मारलेलें जनावरहि शासनाच्या मालकीचें होतें. म्हणजे मनूच्या बाणाचा धनी आणि रोमनांच्या हाताचा धनी, दोघेहि येथें रिकाम्या हातांनीं परततात. जेथें वाटाच नाहीं, तेथें वाट्याचें भांडणहि उरत नाहीं.

या सर्व खटपटीला कंटाळून कित्येकजण एक भयंकर उपाय करतात. ते बांधावर उघडी तार लावून तींत विजेचा प्रवाह सोडतात. अशा तारेनें डुक्कर मरतें, तसेंच पहाटे पाणी द्यावयास निघालेला शेजारीहि मरतो, आणि कधींकधीं तार लावणाऱ्याचाच मुलगा मरतो. महाराष्ट्रांत अशा दुर्घटना वारंवार घडल्या आहेत. हा राखणीचा मार्ग नव्हे. मनुष्यवधाच्या आरोपापर्यंत नेणारा हा मार्ग आहे. क्षणभरच धक्का देऊन प्रवाह खंडित करणारें सौर कुंपण, ज्याला लोक झटका यंत्र म्हणतात, तें यापासून सर्वस्वी भिन्न आहे.

कुंपणाच्या बाबतींत शाळेंतील भूमितीचा एक साधा हिशेब उपयोगी पडतो. एक एकराचें चौरस शेत घेतलें, तर त्याची एक बाजू सुमारें २०९ फूट भरते. अशीं चार शेतें चौघांनीं स्वतंत्र कुंपणानें वेढलीं, तर एकंदर सोळा बाजूंना तार लागते. तींच चार एका चौकोनांत घेऊन वेढलीं, तर आठच बाजू पुरतात. नऊ शेतांना स्वतंत्रपणें छत्तीस बाजू लागतील, तर एकत्र मिळून बाराच. एकट्यानें कुंपण घातलें, तर डुक्कर मरत नाहीं. तें शेजाऱ्याच्या तुरींत जातें. राखणीच्या पाळ्यांनाहि हाच न्याय लागू पडतो. नऊ घरांनीं पाळ्या लावल्या, तर एकेकाला नऊ रात्रींतून एकदांच जागावें लागतें. आणि नुकसान झालेंच, तर दिरंगाई न करतां वनखात्याकडे तक्रार नोंदवून पंचनामा करून घ्यावा. पीक काढल्यावर पुरावा उरत नाहीं.

या तालुक्यांत उजेड नांवाचें गांव आहे आणि तेथें दरवर्षीं महात्मा गांधींच्या नांवानें यात्रा भरते. अहिंसेच्या पुरस्कर्त्याच्या नांवानें यात्रा भरविणाऱ्या मुलखानें डुकराच्या बंदोबस्ताची भाषा कशी बोलावी, अशी शंका कोणाला येईल. पण गांधीजींनीं १९४६ सालीं 'हरिजन' पत्रांत या विषयावर स्पष्ट लिहिलें होतें. जनावरांना कदापि मारूं नये हें तत्त्व आपल्याला संपूर्णपणें स्वीकारतां येत नाहीं, आणि शेतकऱ्याचें पीक फस्त करणाऱ्या प्राण्यांना वांचविण्याचा आग्रह आपण धरणार नाहीं, असा त्यांच्या लिहिण्याचा भाव होता. शेती हीच ज्याची उपजीविका, त्याची अडचण त्यांनीं ओळखली होती.

पूर्वीं हाक्याला निघतांना ज्याच्या रानांतून जावयाचें त्याला आधीं विचारीत आणि श्रम करणाऱ्याला वगळीत नसत. आज सावजाची वांटणी राहिली नाहीं, राखणीची राहिली आहे. परंतु ते दोन नियम बदललेले नाहींत. शिरूर अनंतपाळच्या शिवारांत बांध माणसानें घातले आहेत आणि डुकराला ते ठाऊक नाहींत. म्हणून बांधापलीकडच्या माणसाशीं बोलून ठेवणें, हीच तेथील राखणीची पहिली पायरी होय.